गाळतळ्यावरचे दोन चक्रवाक

२ जानेवारी, गुरुवार

नवीन वही. मामाच्या झेरॉक्सच्या दुकानातलीच आहे. स्पायरल उलट्या बाजूला बसलं होतं, गिऱ्हाइकाने घेतली नाही. मामाला विचारलेलं नाही. सांगेन.

आज ती आली. तशी ती दर आठवड्याला झेरॉक्सला येतेच, पण आज माझ्यासाठी आली असं म्हणायला वाव आहे. फॉर्मच्या चाळीस प्रती काढायच्या होत्या. वर लिहिलेलं, पाणपक्षी गणना. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, आमचं पक्षीमित्र मंडळ आठ रविवार पक्षी मोजणार आहे, सकाळी साडेसहा ते साडेआठ. प्रत्येकाला एक तळं नेमून दिलंय. फक्त गाळतळ्याला माणूस मिळत नाही. तिथे वास येतो ना.

गाळतळं म्हणजे गावाचं सांडपाणी शुद्ध करतात त्या प्लँटच्या मागचं तळं. इथून चार किलोमीटर. नगरपालिकेला ते बुजवून ट्रकचा तळ करायचाय. २१ फेब्रुवारीला बैठक आहे. त्यात ती मंडळातर्फे अहवाल मांडणार, की बुजवू नका, इथे पक्षी येतात. म्हणून हे आकडे लागणार. विचारत होती, तुमच्या ओळखीचं कोणी आहे का?

मी म्हटलं, आहे. मी.

पक्षी ओळखता येतात का, असं तिने विचारलं. म्हटलं, कॉलेजला प्राणिशास्त्र होतं. हे खरं आहे. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं हे सांगितलं नाही. ते तत्त्वासाठी सोडलं होतं, आणि तत्त्व दोन वाक्यांत सांगता येत नाही. सर म्हणाले, प्रॅक्टिकलला झोपायला येतोस का? मी जर्नल खिडकीतून फेकलं. आता ह्यात काय काय आलं ते समजून घ्यायला वेळ लागतो.

संकल्प: आठही रविवार. एकही चुकवायचा नाही. ती बघत राहिली पाहिजे.

५ जानेवारी, रविवार

गेलो. आईने पाचला उठवलं. तिचा गुडघा दुखतोय, तरी उठून चहा केला, डब्यात दोन उकडलेली अंडी दिली. भाऊजींची मॅच बघायची दुर्बीण घेतली.

थंडी फार. बांधावरून घसरलो, कमरेपर्यंत गाळात. प्लँटवरच्या पंपवाल्याने बांबू धरून बाहेर काढलं. म्हणाला, पोहायला दुसरी जागा नाही मिळाली? उत्तर देणार होतो, पण बांबू त्याच्या हातात होता.

फॉर्म भिजला. त्यावर लिहिलं: काळे पक्षी, कपाळ पांढरं, ११. नाव माहीत नाही. बाकीचे पळाले.

६ जानेवारी, सोमवार

तिने चिखलाचा फॉर्म हातात घेतला आणि हसली. टिंगल नव्हती. म्हणाली, काळा आणि कपाळ पांढरं म्हणजे चांदवा. माहीत नाही तिथे माहीत नाही लिहिलंत हे फार चांगलं केलंत, लोक ठोकून देतात. मग पक्ष्यांचं खिशातलं पुस्तक दिलं, आणि जाताना म्हणाली, वाचून परत दे.

दे. द्या नाही. पाच दिवसांत तुम्हीवरून तूवर.

मामाने विचारलं, दात का काढतोयस? म्हटलं, काही नाही. मामा म्हणाला, मग टोनर भर.

१२ जानेवारी, रविवार. सकाळी ९.१०

हे नीट लिहून ठेवतो म्हणजे नंतर गैरसमज नको.

आईने पाचला उठवलं. निघालो. वाटेत फक्त पेन्सिल घ्यायला दुकान उघडलं. धुकं इतकं होतं की समोरचं मेडिकल दिसेना. धुक्यात पक्षी दिसत नाहीत, म्हणजे मोजणी शास्त्रीय झाली नसती. धुकं उतरेपर्यंत थांबणं हेच योग्य होतं. मशीनमागचं बाकडं आहे त्याला मशीन तापलं की छान ऊब लागते. मशीन तापवलं.

जाग आली तेव्हा आठ पन्नास. अंडी खाल्ली.

गेल्या वर्षीचे भरलेले फॉर्म ड्रॉवरमध्ये होते, तिने कॉपीसाठी दिलेले. गेल्या वर्षीचे पक्षी ह्या वर्षी कुठे जाणार? तेच येणार. त्यामुळे चांदवे ३४, टिबुकल्या ९, शेकाटे ७. शेकाट्या म्हणजे लाल काड्यांसारख्या पायांचा तो. थोडे वरखाली केले, अगदी कॉपी नको.

मग पुस्तकात चक्रवाक दिसला. नारिंगी, जोडीने राहतो. जुन्या कवितांमध्ये म्हणे नर एका काठावर, मादी दुसऱ्या, आणि दोघं एकमेकांना हाका मारतात. वाचून छातीत कसंतरी झालं. शेवटच्या रकान्यात लिहिलं: चक्रवाक २.

एक आठवडा. पुढच्या रविवारी जाणारच आहे.

१३ जानेवारी, सोमवार

ती शेवटच्या रकान्याशी थांबली. खरंच? म्हणाली. मी म्हटलं, जोडी होती. तिचा चेहरा असा झाला की मी आणखी चार लिहायला हवे होते असं वाटलं. गाळतळ्यावर सहा वर्षांत कोणी चक्रवाक बघितला नाही म्हणे. किती वेळ होते, कुठल्या बाजूला होते, आवाज ऐकलास का? मी म्हटलं, ऐकला. कसा होता? म्हटलं, करुण.

दिवसभर हलकं हलकं वाटत होतं. दुपारनंतर जड वाटायला लागलं. बहुतेक अंड्यांमुळे. अंडी मात्र कालची.

१९ जानेवारी, रविवार. ९.२०

सायकलचं टायर पंक्चर होण्याच्या बेतात होतं. चार किलोमीटरवर झालं असतं तर काय केलं असतं? बाकड्यावर बसून ह्याचाच विचार करत होतो, तेवढ्यात नऊ वाजले.

चांदवे ३६. चक्रवाक २. एकदम गायब केले तर वाईट दिसेल.

२० जानेवारी, सोमवार

आज तिने बरंच विचारलं. काल सात वाजता होतास का? म्हटलं, हो. कुठे उभा होतास? म्हटलं, पूर्वेच्या बांधावर, झाडाखाली. हो का, म्हणाली, आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. नंतर विचारलं, पाणी किती होतं? म्हटलं, काठोकाठ.

इतक्या बारीक चौकशा कोण करतं? ज्याला काळजी असते तो.

सोबत एक डेंटिस्ट होता. मंडळात नवा आहे. पांढरे शूज, दुर्बीण ठेवायची स्वतःची तिपाई, तिची फाइल हातात धरून उभा. माझ्याकडे बघून हसला. दात चांगले आहेत, पण धंद्यासाठी ते लागतातच. मी त्याच्या झेरॉक्स मुद्दाम फिक्या काढल्या.

२७ जानेवारी, सोमवार

कालचं लिहीत नाही. बाकडं.

आई शेजारच्या काकूंना सांगत होती की आमचा मुलगा पहाटे उठून पक्षी मोजतो, सरकारात आकडे जातात. काकू म्हणाल्या, चला, कशात तरी मन लागलं. आई म्हणाली, लागलंय हो. मी मोरीत तोंड धूत होतो, ते बराच वेळ धूत राहिलो.

तिने फॉर्म घेतला, वाचला नाही. फक्त विचारलं, स्वतः मोजलेस ना? मी म्हटलं, म्हणजे काय. तिने फॉर्म घडी घालून पर्समध्ये ठेवला. आधी ती फाइलला लावायची. पर्स म्हणजे जास्त जवळची जागा.

संकल्प: २ फेब्रुवारीला जाणार. नाही गेलो तर हे बाकडं स्वतः भंगारात देईन.

२ फेब्रुवारी, रविवार

शूज घालूनच झोपलो होतो. आईने बघितलं आणि चादर धुवायला टाकली.

निघालो. चौकापर्यंत गेलो. म्हणजे बरोब्बर निम्मं अंतर. तिथे विचार आला की एव्हाना तीन फॉर्म खोटे गेलेत, आज खरा आकडा लिहिला आणि तो भलताच निघाला तर आधीचे उघडे पडतील. म्हणजे आता खरं मोजणं जास्त धोक्याचं. उलट फिरलो.

निम्मं अंतर गेलो म्हणून आकडेही निम्मे लिहिले. चांदवे १७. ह्यात थोडा तरी प्रामाणिकपणा आहे. चक्रवाक निम्मा करता येईना. तोडायचं कसं त्यांना? २ ठेवले.

१० फेब्रुवारी, सोमवार

वाईट दिवस. कालही बाकडंच, आणि तो फॉर्म ती सकाळीच घेऊन गेली.

दुपारी पंपवाला आला, ओळखपत्र लॅमिनेट करायला. मला बघून म्हणाला, अरे, पोहणारे तुम्हीच ना? दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, कामाचं बोला. तर म्हणतो, या की परत, आता बुडायची भीती नाही, गाळ काढायला तळं रिकामं केलंय, जानेवारीच्या मध्यापासून पाण्याचा थेंब नाही.

मशीनमध्ये त्याचं ओळखपत्र वाकडं गेलं.

जानेवारीच्या मध्यापासून. १९ तारखेला मी काठोकाठ म्हटलं होतं. चांदवे ३६ कशावर पोहत होते?

मी भडकलो. म्हटलं, मुक्या जिवांचं घर रिकामं करता आणि वर हसता? तो म्हणाला, अहो, आम्हाला वरून ऑर्डर आली. आणि पुढे, त्या मॅडमना विचारा, त्या तर... मी म्हटलं, मला कोणत्याही मॅडमचं नाव सांगू नका, चला निघा. मामाने आतून बघितलं. तो गेल्यावर मामा म्हणाला, कॉलेज झालं, आता दुकान पण खिडकीतून फेक. मग स्वतः ओळखपत्र सरळ करत बसला.

म्हणजे ती २१ तारखेला भर बैठकीत उभी राहणार, आणि कोरड्या तळ्यात छत्तीस चांदवे आहेत असं वाचणार. समोर प्लँटचा इंजिनियर असणार. तो हसणार. तिच्यावर. तळं जाणार ते माझ्यामुळे.

तिला सांगायलाच हवं. उद्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ती आली नाही. फोन नंबर आहे, पण असलं फोनवर सांगू नये.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पत्र लिहिलं. पहिली ओळ: मी तुझ्या लायकीचा नाही. इथेच थांबलो. पहिल्याच ओळीत हे कबूल केलं तर पुढे वाचेल कशाला? फाडलं. दुसऱ्यात सगळा दोष धुक्याला गेला. तेही फाडलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ती आली. काल फॉर्म भरलाच नाही, तसं सांगितलं. म्हणाली, का? म्हटलं, बरं नव्हतं. म्हणाली, हं. हे मात्र खरं होतं, बरं नव्हतंच, गेला महिनाभर नाहीये. डेंटिस्ट बाहेर स्कूटर चालू ठेवून उभा होता. त्याच्या पांढऱ्या शूजना वाळलेला गाळ होता. असल्या माणसाला साधं स्वच्छ राहता येत नाही.

गुरुवारी अहवाल बांधायला आणणार आहे. गुरुवारी सांगतो. तोंडावर. काय व्हायचं ते होऊ दे.

२० फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ६

बावीस पानं, बारा प्रती, स्पायरल. उद्या अकराची बैठक.

दुकानात मी आणि तीच होतो. मामा बँकेत. ती काउंटरला टेकली आणि अगदी हळू म्हणाली, तुला काही सांगायचंय का मला? महिनाभर ज्या क्षणाची तयारी केली तो हाच. तिची नजर, पंख्याचा आवाज, सगळं थांबलेलं. मी म्हटलं, स्पायरल काळं लावू की पांढरं?

ती म्हणाली, कुठलंही लाव.

ती गेली. मी एकेक पान काचेवर पालथं ठेवत गेलो. झेरॉक्सच्या धंद्यात हे एक बरं आहे, पान पालथंच ठेवायचं असतं, वाचायला लागत नाही. नवव्या पानाचा मथळा मात्र दिसला. गाळतळं: रविवारची मोजणी. त्याखालचं बघवेना. माझेच चांदवे, माझेच चक्रवाक, तिच्या सहीने उद्या सगळ्यांपुढे.

आणि मग एकदम सुचलं. ते पान नसलंच तर? नसलेलं पान खोटं बोलत नाही. बाराच्या बारा प्रतींतून नववं पान काढलं आणि बाकड्याखाली ठेवलं. आठनंतर थेट दहा येतं. आकडे व्हाइटनरने बदलायचा विचार केला, पण ती लबाडी झाली असती.

तिला वाचवलं. तिला कधी कळणारही नाही. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ३

क्रमाने लिहितो.

दहा पन्नासला मामाने झाडताना बाकड्याखालचे कागद काढले. म्हणाला, चांगल्या कागदाची ही नासाडी कोणी केली? मी म्हटलं, राहू दे, रद्दी आहे. मामाला राहू दे म्हटलं की तो चष्मा लावतो. त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

५ जानेवारी, चांदवे ११, मोजणारा, आणि माझं पूर्ण नाव. मामा म्हणाला, अरे वा.

१२ जानेवारी, नोंद आली आहे, खात्री नसल्याने धरलेली नाही.

१९ जानेवारी, तळं रिकामं, गाळात शेकाटे ६२. २६ जानेवारी, शेकाटे ७०, तुतवार १९, एक करकोचा. आणि असंच १६ फेब्रुवारीपर्यंत. १९ तारखेला मोजणारी एकटी ती. त्यापुढे प्रत्येक रविवारी तिचं नाव, आणि डेंटिस्टचं.

मामा म्हणाला, हा दातांचा डॉक्टर पण जातो वाटतं तुझ्याबरोबर.

पानं घेऊन सायकल काढली. नगरपालिकेचे तीन मजले चढलो. शिपाई म्हणाला, आत मीटिंग आहे. म्हटलं, मीटिंगचंच घेऊन आलोय. दार ढकललं. आत डेंटिस्ट उभा राहून मोबाइलवरून वाचत होता. शेकाटे बासष्ट. पान राहिलंय हे त्यांना तिथे बसल्यावर कळलं होतं. आकडे त्याच्याकडे होते, फोटोंसकट. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मधल्या साहेबांनी विचारलं, आपण कोण? मी धापा टाकत म्हटलं, झेरॉक्स. ते म्हणाले, मग वाटा. बाराजणांना पानं वाटली. एकाने मला पाणी आणायला सांगितलं. आणलं.

बुजवण्याचं काम एक वर्ष पुढे ढकललं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मोजणी, मग ठरवू, असं म्हणाले. इंजिनियर हसला नाही. उलट म्हणाला, गाळात एवढे पक्षी येतात हे आम्हालाच माहीत नव्हतं. त्या पानावर माझ्या फॉर्मच्या जवळजवळ दुप्पट पक्षी होते. खोटं बोलायचं ठरवूनही मी कंजूषपणाच केला.

जिन्यात ती भेटली. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, सोपं झालं असतं. ती ओरडली नाही. म्हणाली, चक्रवाक वाचून एवढा आनंद झाला होता की पुढच्या रविवारी अंधारात निघाले. वाटलं, तू असशीलच, दोघं मिळून बघू. साडेआठपर्यंत थांबले. पूर्वेच्या बांधावर झाड नाही. झाड पश्चिमेला आहे, मी त्याच्याखालीच होते.

मी म्हटलं, मग सोमवारी बोललीस का नाही? ती म्हणाली, विचारत तर होते. दर सोमवारी.

जागा एकाकी म्हणून तिने पुढच्या वेळी डॉक्टरांना सोबत चला म्हटलं. ते एकदाही चुकले नाहीत.

पान मी का काढलं ते सांगितलं. ती म्हणाली, न वाचताच काढलंत? मी विचारलं, आधी सांगितलं असतं तर? ती म्हणाली, तुम्ही सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.

काढलंत. तुम्ही. असतंत.

खाली डेंटिस्ट स्कूटर पुसत होता. मला म्हणाला, बरं झालं आलात, छापील पान असलं की वजन पडतं. मारावंसं वाटलं. पण तो खरंच बोलत होता.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आईला सगळं सांगितलं. बाकडं, अंडी, सगळं. ती शेंगा सोलत होती, सोलतच राहिली. म्हणाली, मामा केव्हाच म्हणाला होता की सोमवारी बाकड्याखाली अंड्याची टरफलं सापडतात. मी म्हटलं, मग पाचला उठत का होतीस? म्हणाली, एखाद्या रविवारी गेला असतास तर? उपाशी गेला असतास.

ती ओरडली असती तर किती बरं झालं असतं. कोणीच ओरडत नाही हल्ली.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८.३५, गाळतळं

आईने पाचला उठवलं. उठवू नकोस म्हणून सांगितलं होतं. डब्यात दोन अंडी.

दुकान वाटेतच लागतं. थांबलो नाही.

तळ्यात पुन्हा पाणी सोडलंय, अर्ध्यापर्यंत. पंपवाला गेटवर होता. दुकानात भडकलो त्याबद्दल माफी मागितली. म्हणाला, अहो, त्या दिवशी हेच सांगत होतो, त्या मॅडम दर रविवारी येतात, जोडीने. म्हटलं, कळलं. तो म्हणाला, बांबू आणून ठेवू का?

पूर्वेच्या बांधावर उभा आहे. इथे खरंच झाड नाही. ऊन सरळ पाठीवर येतं. ती दोघं पलीकडे आहेत, झाडाखाली. मधे पाणी. तिने एकदा दुर्बीण माझ्याकडे वळवली, थांबली, मग खाली बघून वहीत काहीतरी लिहिलं. हाक मारण्यासारखं अंतर होतं. मारली नाही, पक्षी उडाले असते.

उरलेल्या फॉर्मपैकी एक आणलाय. शेकाटे मोजायला फार अवघड, निम्मे झाले की जागा बदलतात. चार वेळा पहिल्यापासून मोजले. भरलेला फॉर्म असा:

शेकाटे ४३.
चांदवे ९.
टिटव्या २.
तपकिरी, शेपूट सतत हलवणारा, १. नाव माहीत नाही.
चक्रवाक ०.
पश्चिमेला झाडाखाली माणसं २, थर्मास १.

स्वतः मोजले.